जुनेराचा कैवार

अंगावरून उतरलेला कपडा उसवायचा, त्याचे तुकडे धुऊन-इस्त्री करून सपाट करायचे आणि नव्या मापाला बेतून त्यांतून दुसरा कपडा शिवायचा, ही शिंपीकामाची एक स्वतंत्र शाखा आहे. ठिगळ लावणे किंवा रफू करणे म्हणजे असलेला कपडा तसाच टिकवणे. कंबर आत घेणे, बाही आखूड करणे म्हणजे त्यात थोडी दुरुस्ती करणे. गोधडी किंवा वाकळ शिवली की कापड अंगावरून उतरून अंथरुणात जाते. या तिन्हींपेक्षा हे काम निराळे आहे. येथे जुना कपडा कपडा म्हणून संपतो आणि कापड म्हणून पुन्हा हाती येतो. त्यानंतर तो काय होणार हे कात्री धरणाऱ्याच्या हातात असते. शर्टाचे झबले होते, पँटीचा कळीदार परकर होतो, साडीचा कुडता होतो.

या शाखेविषयी शहरी मराठी घरांत काही समजुती घट्ट बसल्या आहेत. जुने कापड टिकत नाही. नवा कपडा याहून स्वस्त पडतो. नको असलेले कपडे गरजूंना द्यावेत, शिवत बसू नये. जुन्याचे नवे करून घालणे हे दारिद्र्याचे लक्षण आहे. यांत अलीकडे आणखी एक भर पडली आहे: हा सगळा परदेशातून आलेला शौक आहे. प्रत्येक समजुतीला थोडा आधार आहे आणि त्या थोड्या आधारावर फार मोठा निष्कर्ष उभा केला गेला आहे. म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

परकेपणाचा आक्षेप सर्वांत लवकर निकालात निघतो, कारण मराठी भाषाच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. वापरून मऊ झालेल्या वस्त्राला ‘जुनेर’ हा वेगळा शब्द आहे. लुगडे किंवा धोतर मध्येच विरले की तेवढा पट्टा कापून काढून उरलेले दोन भाग जोडत. त्या जोडाला ‘दंड’ म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे नेसणे ही कित्येक पिढ्यांची रोजची गोष्ट होती. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागते ते नवे कापड नव्हे, हे अनेक घरांत आजही पाळले जाते. आजीच्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे मऊ सूत घेऊन त्याची झबली, टोपरी, कुंच्या शिवतात. साडीचा पदराकडचा चांगला भाग मुलीच्या परकर-पोलक्याला जात असे. शर्टाची कॉलर घडीवर फाटली की शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवून देई, आणि शर्ट आणखी दोन वर्षे कचेरीत जाई. लोकरीचे कोटही असेच उलटवले जात. बाहेरची बाजू उन्हाने विटली, तरी आतली तशीच असते. म्हणून सगळा कोट उसवून आतली बाजू बाहेर घेऊन शिवत. अशा कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई आणि जाणकाराला तेवढ्यावरून ओळख पटे.

मग आक्षेप आपले रूप बदलतो. हे सगळे टंचाईच्या काळातले होते, आता गरज उरली नाही, असे म्हटले जाते. टंचाईचा दाखला खराच आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली आणि पुरुषाच्या एका सुटाला त्यांतली २६ लागत. १९४३ मध्ये तिथल्या सरकारने ‘मेक डू अँड मेन्ड’ ही पुस्तिका काढली. लढाईवर गेलेल्या पुरुषांचे सूट कापून बायकांचे कोट-स्कर्ट शिवले गेले. रेशनिंग मार्च १९४९ मध्ये संपले. हिंदुस्थानातही १९४३ मध्ये कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले. उत्तर जपानच्या थंड मुलखात कापूस पिकत नसल्याने तिथले शेतकरी दुरून आलेल्या सुती चिंध्या तागासारख्या जाडसर वस्त्रावर थरावर थर टाचत आणि तेच कपडे पिढ्यान्‌पिढ्या घालत. ‘बोरो’ नावाने ते कपडे आज संग्रहालयांत आहेत. पण यावरून एवढेच कळते की कापड कमी असताना लोक हे काम नीट शिकतात. कापड उदंड असताना ते करू नये, असे त्यातून निघत नाही. उलट उदंडपणानेच नवी निकड आणली आहे. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातले कपड्यांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले आणि एक कपडा टाकण्यापूर्वी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. कपाटातून बाहेर पडणारा कपडा आता बहुतेकदा झिजलेलाही नसतो.

इथून दुसरा आक्षेप पुढे येतो: जुन्यात दम नसतो. जो कापड हातात घेऊन पाहतो त्याला हे पटणार नाही. कापड सगळीकडे सारखे झिजत नाही. शर्टाची कॉलर आणि कफ घडीवर फाटतात, काखेतले सूत घामाने कुजते. पँट गुडघ्यावर फुगते, बैठकीवर चकाकते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घासून विरते. साडी टाचेशी, खालच्या काठाला झिजते. रेशमी असेल तर वर्षानुवर्षे एकाच घडीत राहून त्या घडीवर चिरते. पण त्याच शर्टाची पाठ, त्याच पँटीचा पोटरीवरचा भाग आणि त्याच साडीचा पदराकडचा दीड-दोन वार यांना फारसे काही झालेले नसते. कपडा बाद होतो तो या एक-दोन जागांमुळे, आणि त्या जागा सोडून उरलेले सगळे कापडही त्यांच्याबरोबर बाद धरले जाते. जुन्याचे नवे शिवणारी व्यक्ती नेमका हाच अन्याय दूर करते: दोषी जागा कापून काढते आणि निर्दोष जागा वाचवते.

कोणती जागा निर्दोष हे ओळखण्याची रीत सोपी आहे. कापड उजेडासमोर धरले की विरलेली जागा जास्त उजेड सोडते. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापडावर उभ्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने ताण दिला की कमकुवत सूत तुटल्याचा बारीक आवाज येतो. या दोन परीक्षांत उतरलेले कापड नव्या कपड्याला पुरेसे मजबूत असते. काही बाबतींत तर ते नव्याहून सरस असते. नव्या सुती कापडात खळ असते, ते पहिल्या धुण्यात आटते आणि रंग सोडते. म्हणून चांगला शिंपी ते आधी भिजवून घ्यायला सांगतो. जुन्याला जेवढे आटायचे तेवढे आटून झालेले असते, जो रंग जायचा तो गेलेला असतो. त्यातून शिवलेला कपडा पुढे दगा देत नाही.

खरे कौशल्य उसवण्यापासून लागते, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. साध्या यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका ब्लेडच्या टोकाने तोडला की दुसऱ्या बाजूचा धागा सलग ओढून काढता येतो. प्रत्येक टाका कोरत बसावे लागत नाही. साखळी टाक्याच्या शिवणीचे बरोबर टोक सापडले तर ती एका ओढीत सुटते. शिवण सुटल्यावर आत राखलेली माया उघडी होते आणि तिच्यावर कापडाचा मूळ रंग दिसतो. बाहेरचा भाग किती विटला आहे हे तिच्याशी ताडून पाहता येते, आणि नव्या कपड्यात कोणता तुकडा पुढे घ्यायचा व कोणता मागे ठेवायचा ते तेव्हाच ठरते.

त्यानंतर धागा शोधावा लागतो. ताग्यातून कापलेल्या कापडाला काठ असतो, म्हणून उभा धागा लगेच कळतो. उसवलेल्या तुकड्याला बहुधा काठ नसतो. तेव्हा कडेचे एक सूत ओढून पाहायचे, किंवा तुकडा दोन्ही दिशांना ताणून पाहायचा. ज्या दिशेने कमी ताणला जातो तो सहसा उभा धागा. हे न पाहता जागा वाचवण्यासाठी तुकडा तिरका ठेवून कापला तर तो उरेब होतो, धुतल्यावर लोंबतो, आणि मग जुन्या कापडाला दोष दिला जातो. ‘जुन्याचे शिवलेले बसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेकदा कापडाच्या वयात नसते, बेतणाऱ्याने धागा पाहिला नाही यात असते.

बेतण्याचे काही नमुने पाहिले तर ही शाखा किती विचारपूर्वक चालते ते कळते. मोठ्या शर्टाचे लहान मुलीचे झबले किंवा फ्रॉक करताना पाठीचा एकसंध तुकडा घेराला जातो, आणि पुढच्या दोन पल्ल्यांवरची बटणपट्टी तशीच राखून ती फ्रॉकच्या पाठीवर घेता येते. काजे करण्याचे सर्वांत किचकट काम त्यामुळे वाचते. पँटीचा पाय उसवून उलटा धरला की पाऊलपट्टीकडे अरुंद आणि मांडीकडे रुंद असा लांब तुकडा मिळतो. ती परकराची तयार कळीच असते, आणि दोन पँटींत चार कळ्या बसतात. साडीचे गणित वेगळे आहे. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब असते आणि तिचा पन्हा एक मीटरहून थोडा अधिक. अडीच मीटरांत कुडता बसतो, म्हणजे झिजलेला भाग वगळूनही कापड पुरते. पण काठ साडीच्या लांबीच्या दिशेने धावतो. तो कुडत्याच्या घेराला आणायचा असेल तर कापड आडवे घ्यावे लागते आणि कुडत्याची उंची पन्ह्याच्या आत बसवावी लागते. उंची अधिक हवी असेल तर काठ वेगळा काढून जोडावा लागतो. हा निर्णय कात्री लावण्याआधी घ्यायचा असतो. नंतर घेतला तर साडीही जाते आणि कुडताही. दोन वेगळ्या कपड्यांचे तुकडे एकत्र आणताना त्यांचे वजन आणि जात जुळावी लागते. सुती पाठीला पॉलिएस्टरची बाही जोडली तर पहिल्या इस्त्रीलाच मुंढ्यावर चुण्या पडतात.

तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो: शिलाईचे पैसे आणि वेळ धरला तर नवा कपडाच स्वस्त. यातला काही भाग मान्य करायला हवा. शिंप्याकडे दिले तर उसवण्याचा वेळ तो मजुरीत धरणारच, आणि त्याने तो धरावाही. कित्येक शिंपी असे काम घेतच नाहीत. पातळ होजिअरीचा विटलेला टी-शर्ट उसवून त्यातून कपडा शिवणे पैशाच्या हिशेबात बसत नाही. पण हा हिशेब दोन ठिकाणी अपुरा आहे. पहिले म्हणजे तुलना सारख्या मालाची हवी. हातमागाच्या जुन्या सुती साडीचा कुडता आणि फुटपाथवरचा सर्वांत स्वस्त कुडता यांची तुलना होऊ शकत नाही. तशाच हातमागाच्या नव्या कापडाचा भाव धरला की उसवण्याची मजुरी लहान दिसू लागते.

दुसरे म्हणजे स्वस्त कपड्याच्या किमतीत त्याची सगळी किंमत नसते. एक किलो सुती कापड तयार होईपर्यंत जगाच्या सरासरीने सुमारे दहा हजार लिटर पाणी लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू कापसाला त्यातले बरेचसे पावसाचे मिळते हे खरे. पण रंगाई-धुलाईचे पाणी आणि त्यातून वाहून जाणारा रंग कुणाच्या तरी ओढ्यात जातोच. शिवणाऱ्या हातांची किंमत तर २४ एप्रिल २०१३ रोजी जगाने पाहिली. ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते आणि तरीही कामगारांना आत पाठवले गेले होते. कपडा इतका स्वस्त मिळतो तेव्हा उरलेला पैसा कुणीतरी आपल्या अंगावर काढलेला असतो. तो हिशेबात धरायचा नाही आणि घरी उसवणाऱ्या बाईच्या तासाभराच्या वेळेचे मात्र पैसे मोजायचे, हा न्याय एकतर्फी आहे.

चौथा आक्षेप वरवर फार उदार दिसतो: शिवत कशाला बसायचे, देऊन टाकावे. देण्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण दिलेल्या कपड्याचे पुढे काय होते हे पाहिल्याशिवाय त्याला पुण्य म्हणणे घाईचे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपड्यांचे ट्रक गेले. त्यांतले पुष्कळ कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले, कारण ते फाटके होते, तिथल्या लोकांच्या वापरातले नव्हते, आणि घरदार गेले तरी माणसाची लाज आणि आवड जात नाही. दिल्लीत १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे या ढिगांवरही काम केले. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या संस्थेची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे: आलेले कपडे निवडले जातात, धुतले जातात, दुरुस्त होतात, आणि जे जसेच्या तसे घालता येत नाहीत त्यांची अंथरुणे, पिशव्या, मासिक पाळीसाठी सुती पट्ट्या शिवल्या जातात. म्हणजे जिथे दान खरोखर उपयोगी पडले तिथेही मध्ये सुई-दोरा होता.

महाराष्ट्रातल्या घरांना बोहारीण ठाऊक आहे. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी ही बाई कापडाची मोठी पारखी असते. ती साडी उलगडून पाहते, बोटांनी चाचपते, उजेडात धरते, आणि मगच पातेल्याच्या आकारावर घासाघीस सुरू होते. तिच्या गाठोड्यातला माल निवडून, धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतो. जे काम दान करणारे करत नाहीत ते ती आणि तिची माणसे करतात, आणि त्याबद्दल त्यांना क्वचितच कुणी कारागीर म्हणते. तिच्या व्यापारातली एक गोष्ट मात्र क्लेशाची आहे. जरीच्या जुन्या साड्यांना जो वेगळा भाव मिळतो तो जरीतल्या चांदीचा असतो: साडी जाळून चांदी काढतात. विणकराचे कित्येक दिवस राखेत जातात.

जगाच्या पातळीवर हाच प्रवास आणखी लांबचा आहे. श्रीमंत देशांत दान म्हणून पेटीत टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी विकले जातात. त्यांतले काही गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात निवडले जाऊन पुढे पाठवले जातात, काही कापून-फाडून पानिपतला जातात, आणि कितीतरी आफ्रिकेत उतरतात. घानाच्या राजधानीत, आक्रा येथे कांतामांतो हा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. तिथे अशा कपड्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ ‘मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे’ असा होतो. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकील हे पहिल्यांदा कुणाला खरे वाटले नसावे. त्या बाजारातले शिंपी मोठ्या मापाचे शर्ट-पँटी उसवून स्थानिक मापाला बेततात, रंगवतात, नवे कपडे करून विकतात. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला. गठ्ठ्यातला जो माल शिंप्याच्याही हाताबाहेरचा असतो तो शहराच्या गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर जातो. ‘देऊन टाकले’ या दोन शब्दांत एवढा प्रवास झाकला जातो.

याच आक्षेपाची यांत्रिक आवृत्ती म्हणजे पुनर्चक्रण: कपडा कारखान्यात द्यावा, त्याचे पुन्हा सूत होईल. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा कापड करायला सुरुवात केली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे पानिपत हे या धंद्याचे जगातले मोठे केंद्र झाले, आणि आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या करड्या ब्लँकेटांपैकी कितीतरी तिथली असतात. हा धंदा आवश्यक आहे, पण तो कापडाचा नाश करून चालतो. कपडा पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचे सूत कमकुवत होते, म्हणून त्यात नवे तंतू मिसळावे लागतात. सूत आणि पॉलिएस्टर यांची मिसळ वेगळी करणे अवघड, आणि ताणल्या जाणाऱ्या कपड्यांतला रबरासारखा धागा तर यंत्रालाच अडतो. कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कच्च्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल फिरून पुन्हा कपड्यात येतो, असे त्याच २०१७ च्या अहवालात म्हटले आहे. उसवून शिवण्यात तंतू तुटत नाही, वीण मोडत नाही, रंगाई आणि भरतकाम वाया जात नाही. टाकलेल्या कपड्यातून अंगावर घालण्याजोगा कपडा मिळवण्याचा याहून कमी नासधुशीचा मार्ग सध्या तरी उपलब्ध नाही, आणि त्याला हौस म्हणून बाजूला सारणे हे अज्ञान आहे.

आता उरतो तो सर्वांत गंभीर आक्षेप, कमीपणाचा. त्याला ‘जुने विचार’ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. या देशात जुने कपडे सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाहीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. जुना कपडा हा इथे शतकानुशतके माणसाची पायरी ठरवण्याचे साधन होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत सोडायला सांगितले, आणि त्यांनी ती सोडली. कपडा हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे हे ज्यांनी भोगले त्यांना जुन्याचे कौतुक सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणी म्हणेल की आपल्याला आयुष्यात एकदा तरी कोरे, घडी न मोडलेले कापडच हवे, तर त्याचे म्हणणे योग्यच आहे.

पण हा आक्षेप नेमका कोणावर लागू होतो ते पाहावे. तो उतरलेला कपडा दुसऱ्याच्या अंगावर लादणाऱ्यावर लागू होतो. घरकामाला येणाऱ्या बाईला दिवाळीत बोनसऐवजी कपाटातल्या साड्या देणाऱ्या घरावर तो लागू होतो. ज्याने स्वतःचा किंवा स्वतः निवडलेला कपडा उसवून आपल्या मापाला बेतला त्याच्यावर तो लागू होत नाही, आणि या फरकाचा सर्वांत जुना पुरावा बौद्ध परंपरेत आहे. उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून शिवलेल्या वस्त्राला ‘पांसुकूल’ म्हणत आणि भिक्षूसाठी ते वस्त्र सन्मानाचे होते. कापड तेच, स्मशानातले. चांडाळावर ते हुकमाने लादले जाई तेव्हा तो अपमान होता. भिक्षू ते स्वतः उचले, धुई, कापे, शिवे, रंगवी, तेव्हा त्याचे चीवर होई. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात चीवराच्या आकृतीची हकिगत आहे. मगधातली बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, तशी आखणी वस्त्रात जमेल का असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ती करून दाखवली. दान मिळालेले नवे कापडही अखंड ठेवायचे नाही, कापून आणि जोडूनच चीवर करायचे, असा नियम पुढे झाला. १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोक ज्या धम्मात गेले त्याच्या भिक्षूंच्या अंगावर आजही ती जोडलेल्या तुकड्यांची आखणी असते. मापाला बेतणे ही क्रिया कपड्याचा मालक बदलते. दुसऱ्याचा सैल शर्ट तसाच घातला तर तो दुसऱ्याचाच राहतो. त्याचे खांदे उतरवून, मुंढा नव्याने कापून, आपल्या छातीच्या मापाला शिवला की पहिल्या मालकाची त्यात काही खूण उरत नाही.

स्वच्छतेच्या शंकेला फार शब्द लागत नाहीत. उकळते पाणी, कडक ऊन आणि गरम इस्त्री यांतून सुती कापड सहज पार पडते. दुकानात दहा जणांनी अंगाला लावून पाहिलेला कोरा कपडा बहुतेक लोक न धुताच घालतात.

सगळ्यांनी जुनेच शिवायचे ठरवले तर इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांचे काय, असेही विचारले जाते. मागावरच्या माणसाची काळजी रास्त आहे. पण त्याचा भाव पाडणारी गोष्ट जुनी साडी नव्हे. वर्षाला चारदा बदलणारा, दोन धुण्यांत लोळागोळा होणारा स्वस्त तयार माल त्याला टिकाऊ कापड विणू देत नाही, आणि गल्लीतल्या शिंप्याचे यंत्रही त्याच मालाने बंद पाडले आहे. उसवून शिवण्याच्या कामात कापड कमी आणि हात जास्त लागतात. एका मीटरमागे मजुरी वाढते आणि ती गावातच राहते. शिवाय ज्याला कापड उसवावे लागते तो पुढच्या वेळी कापड घेताना सूत, वीण आणि मायेकडे पाहतो; चांगल्या विणकराला असेच गिऱ्हाईक हवे असते.

या बाजूनेही काही चुका होतात, आणि त्या लपवल्या तर कैवार खोटा ठरेल. धडधाकट पैठणी केवळ नावीन्यासाठी फाडून तिच्या उशांचे अभ्रे करणे हा जुन्याचा उपयोग नव्हे. जी साडी नेसता येते ती नेसावी. घालण्याजोगी पँट कापून तिची पिशवी केली तर कपडा एक पायरी खाली उतरवला जातो. नव्या कापडावर ठिगळांची छपाई करून ते जुन्याच्या भावाने, किंवा त्याहून महाग, विकणे ही सरळ फसवणूक आहे. जे व्यावसायिक हे काम प्रामाणिकपणे करतात त्यांना मजुरी जास्त पडते आणि त्यांचा माल महाग असतो हे समजण्यासारखे आहे, पण कोणता भाग जुना आणि कोणता नवा हे त्यांनी सांगायलाच हवे. काही कापडे खरोखर या कामाची नसतात: ताण गेलेली होजिअरी, सूत सरकणारे जीर्ण जॉर्जेट, घडीवर चिरलेले रेशीम. त्यांच्यामागे वेळ घालवू नये.

तुकड्यांचेही तुकडे उरतात आणि त्यांचा क्रम लावावा लागतो. विनयपिटकातच कोसंबीच्या उदयन राजाची गोष्ट आहे. त्याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचा हा भिक्षू व्यापार करणार की काय, असे राजाला वाटले आणि तो विचारायला आला. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना ती वाटली जातील. मग त्या विरलेल्या चीवरांचे काय, राजाने विचारले. त्यांची पलंगपोसे होतील. जुन्या पलंगपोसांची गाद्यांची खोळ, जुन्या खोळींची जमिनीवरची बिछायत, त्या बिछायतींची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकी विरली की ती बारीक कुटून चिखलात कालवायची आणि त्या गिलाव्याने जमीन सारवायची. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.